वामनकाकांची आवक-जावक

घाटंजी व पंचक्रोशीतील तमाम नागरिक, महिला मंडळे, भजनी मंडळे आणि दुपारच्या झोपेची आवड असणारे सर्व इसम यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले श्री. वामनराव असरकर यांनी गिटार विकत घेतली आहे. सबब ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती लेखी घ्यावी. तोंडी हरकत वामनकाकांना ऐकू जाणार नाही, कारण ते त्या वेळी गिटार वाजवत असतील.

ही घोषणा करण्याचा अधिकार माझा. मी त्यांची शेजारीण मंगला. शाळेत मराठी शिकवते. आमच्या दोन घरांत विटेची एकच भिंत. पलीकडे काकांची बैठक, अलीकडे माझं स्वयंपाकघर. त्यामुळे त्या गिटारीचा पहिला सूर निघाला तो थेट माझ्या फोडणीत पडला. मोहरी तडतडायची थांबली. खोटं नाही सांगत! आमचे हे जेवताना म्हणाले, "आज वरणाले काय झालं?"

मी म्हटलं, "वरणाले काही नाही झालं. वामनकाकाले झालं."

वामनकाका आणि गिटार ही जोडी म्हणजे तुरीच्या पोत्याला मोरपीस. काका म्हणजे सहा फूट उंचीचा टिप्पणीचा कागद. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "चूक केव्हाही सापडू शकते." बाजारात वांगं घेतलं की ते उलटं करून बूड बघायचं, सुलटं करून देठ बघायचं आणि स्वतःशी म्हणायचं, "तपासले." मगच ते पिशवीत. जेवण झालं की ताटाला हात जोडून म्हणायचं, "प्रकरण निकाली." एकदा गल्लीत बारसं होतं. बाळाचं नाव ठेवून झालं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका पाळण्यावर वाकले. बाळाला नीट खालून वर बघून म्हणाले, "तपासले." बाळाच्या आजीनं त्यांना त्या दिवशी घुगऱ्या दिल्या नाहीत.

तर अशा माणसानं यवतमाळला जाऊन गिटार आणली. येताना बसमध्ये तिला मांडीवर घेऊन बसले आणि कंडक्टरला म्हणाले, "एक माझं. अन् हिचं जे काय होत असेल ते."

कंडक्टर होते राठोड. इकडच्याच एका तांड्यावरचा माणूस. दिवसा बसमध्ये घंटी वाजवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. त्यांनी कव्हर पाहिलं आणि हसले. "याले तिकीट नाही लागत, साहेब."

"नियम दाखवा."

"अवो, मांडी तुमची, गिटार तुमची. मी काय दाखवू?"

"उद्या मधी तपासणी आली तर?"

"येऊ द्या. त्याहिले मी एक गाणं वाजवून दाखवतो."

एका फाट्यावर गाडी जरा थांबली, तेव्हा राठोडांनी खरंच ती गिटार कव्हरातून काढली. कान लावून तारा पिळल्या आणि उभ्याउभ्या असं काही वाजवलं की मागच्या बाकावरची म्हातारी टोपलं हातात धरून उतरायचंच विसरली. काकांनी तिथंच त्यांना गुरू केलं. गुरुदक्षिणा काय द्यायची, असं विचारलं.

"चहा पाजा," राठोड म्हणाले. "पण आमच्या काकूच्या हातचा पाह्यजे."

त्यावर काका खिडकीबाहेर बघत राहिले.

का ते आमच्या गल्लीला ठाऊक होतं, राठोडांना नव्हतं. शकूकाकूंना मागच्या वर्षी लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आणि वाचा कोणाची गेली म्हणता? शकूकाकूंची! त्या बोलायच्या म्हणजे आमच्या गल्लीत नळ आल्यासारख्या बोलायच्या. एकदा सुरू झाल्या की सगळ्यांनी भांडी घेऊन धावायचं. कोणाची सून रुसली, कोणाच्या पऱ्हाटीवर अळी आली, कोणत्या देवळातल्या पुजाऱ्याला डुलकी लागली, सगळी खबर त्या धारेत यायची. त्या सगळ्या बोलण्यातून दवाखान्यानंतर एक शब्द उरला: "बाप्पा." पाणी हवं असलं की बाप्पा. उकडतंय, बाप्पा. मी गेले की माझ्याकडे बघून डोळे भरून बाप्पा.

काका त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसायचे. आमच्याकडे भुलाबाईत, म्हणजे तुमच्याकडच्या भोंडल्यात, झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात ना, तसं. "पाणी? नाही? पंखा? नाही? मग गोड का तिखट?" काकू आधी मान हलवायच्या, मग चिडायच्या, मग भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

पण गिटारीचा आणि काकूंचा काही संबंध असेल, असं आमच्या डोक्यात आलं नाही. आमच्या डोक्यात दुसरंच आलं. हे म्हणाले, "म्हातारपणी सटकते कोणाची कोणाची." कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "पेन्शन जास्त झाली." मी शिकलेली बाई असल्यामुळे दोन्हीला मान डोलावली.

त्यातच कार्डाचं प्रकरण झालं. गिटारीवर तीन-चार बोटं एकदम वेगवेगळ्या तारांवर दाबली की जे बनतं त्याला म्हणतात कॉर्ड. काका अंगणात राठोडांशी मोबाईलवर मोठ्यानं बोलायचे: "जी कार्ड झालं. सी कार्ड पण होऊन राह्यलं. डी कार्डाले मात्र त्रास आहे, बोटं सुजली." आमच्या मागच्या गल्लीतल्या गिरजाबाईंनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन काकांच्या दारात.

"साहेब, आमचंबी ते डी कार्ड काढून द्या ना."

काका म्हणाले, "ते तसं कार्ड नाही, गिरजाबाई."

"असं काहून म्हणता? तुमचं जी झालं, सी झालं. गरिबाच्याच येळेस बोटं सुजतात का साहेबाचे?"

काकांनी त्यांना आत नेऊन गिटार दाखवली आणि डी कॉर्ड वाजवून दाखवली. गिरजाबाईंनी शांतपणे ऐकलं, झेरॉक्सची घडी घातली आणि म्हणाल्या, "राहू द्या. याच्यापेक्षा आमचं जुनंच कार्ड बरं हाय."

बोटांनंतर आला उजवा हात. गिटारीवर साधं गाणं वाजवायचं तर उजवा हात तारांवरून खाली-वर, खाली-वर ठेक्यात फिरवावा लागतो. राठोडांनी मोबाईलवर दाखवलं: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. काकांच्या डोक्यात ते बसेना. वर कुठं, खाली कुठं! दोन दिवस भिंतीपलीकडून नुसतं खरडणं आणि "चूक, चूक" ऐकू येत होतं. मग एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना अचानक आवाज बदलला. खणखणीत, कचेरीतल्यासारखा.

"आवक! आवक-जावक! जावक-आवक-जावक!"

हात तारांवरून खाली आला की आवक. वर गेला की जावक. जन्मभर आलेले कागद आणि गेलेले कागद नोंदवले, त्या माणसाला ताल असा सापडला! मी लाटणं तिथंच टाकून भिंतीला कान लावला. आणि काय सांगू, त्या आवक-जावकेत खरंच एक ठेका होता. माझी पुढची पोळी गोल झाली.

मग काकांची आवक-जावक गावभर सुरू झाली. बँकेच्या रांगेत उभे असले तरी उजवा हात मांडीवर खाली-वर, खाली-वर. वरण ढवळायचे तर त्याच ठेक्यात. प्लास्टिकच्या जुन्या फाइलीचा तिकोनी तुकडा कापून त्यांनी तारा छेडायची पट्टी केली होती. ती कायम खिशात, दोन पेनांच्या मधे. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तेरवीला गेले. सगळे मान खाली घालून बसलेले, गुरुजी काही सांगताहेत, आणि काकांचा हात मांडीवर. गेलेल्या माणसाचा जावई माझ्या कानाशी म्हणाला, "साहेबाहिले लय धक्का बसलेला दिसते." मी पदर तोंडात कोंबला.

पण एक गोष्ट मला भिंतीपलीकडून रोज खटकायची. गाणं पुढे जायचंच नाही. छान आवक-जावक चालायची, आणि मग एकदम बंद. शांतता. मग काकांचा आवाज, "तपासले." मग पुन्हा आवक-जावक. पुन्हा बंद. "तपासले." आणि त्या शांततेत अधूनमधून दुसराही एक आवाज यायचा, बारीक, अर्धवट तुटलेला. तो आवाज ऐकून एक दिवस मी वाटीत लोणचं घेतलं, म्हणजे जायला निमित्त झालं, आणि पलीकडे गेले.

बैठकीत काका स्टुलावर, गिटार मांडीवर. समोर खुर्चीत शकूकाकू, उजवा हात पदराखाली लपवलेला. काकू गात होत्या! आवाज कापरा, पण गात होत्या. आणि शब्द होते हो त्या गाण्यात! बाप्पा नव्हता, अख्खे शब्द होते:

"साहेब निघाले कचेरीला…"

हे गाणं सगळ्या गल्लीला पाठ आहे. भुलाबाईच्या दिवसांत काकू दरवर्षी नवं गाणं जुळवायच्या, आणि हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं:

साहेब निघाले कचेरीला, छत्री राहिली घरी,
आभाळ आलं धावत धावत, पाऊस डोक्यावरी.
पावसाले म्हणती साहेब, अर्ज कर गा आधी,
पाऊस म्हणते, शाई वाहते, सही करू मी कधी?

पहिल्यांदा हे गाणं गल्लीतल्या पोरींनी काकांच्या दारात म्हटलं, तेव्हा काका आतून लाल पेन घेऊन बाहेर आले होते. "शासकीय कर्मचाऱ्याची यात नाहक बदनामी आहे," म्हणाले होते. काकू म्हणाल्या होत्या, "मंग करा ना जी चौकशी! आरोपी घरातच हाय."

तेच गाणं आता काका वाजवत होते. काकूंनी "कचेरीला" म्हटलं, आणि तिथं कॉर्ड बदलायची होती. काकांचा उजवा हात थांबला. डाव्या हाताची बोटं त्यांनी एकेक करून उचलली, एकेक करून ठेवली, चष्मा सरकवून प्रत्येक बोट नीट तारेवर आहे ना बघितलं. "तपासले."

तेवढ्यात काकूंचा सूर सुटला होता. तोंड उघडं होतं, ओठ "छ" म्हणायला जमले होते, पण छत्री काही बाहेर येईना. ती खरंच घरी राहिली. काकूंनी दोनदा ओठ हलवले आणि मग थकून म्हणाल्या, "बाप्पा."

काकांनी गिटार खाली ठेवली आणि मला सगळं सांगितलं. यवतमाळला एक डॉक्टरीणबाई आहेत, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात. त्यांनी सांगितलं होतं की, बोलायचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा रस्ता डोक्यात वेगळा असतो. पाठ असलेलं गाणं म्हणवून घ्या. गाण्याच्या मागं मागं शब्द येतात, आणि एखाद्या दिवशी गाणं सोडूनही येतात. येतीलच असं नाही, पण येतात.

"मी आधी स्वतःच म्हणून बघितलं," काका म्हणाले.

"मग?"

"हिनं डाव्या हातानं कान झाकला."

काकांचा गायचा आवाज मी एकदा आरतीला ऐकला आहे. काकूंची चूक नाही. पेटीचा विचार केला, पण खाली मांडी घालून बसायला काकांचे गुडघे तयार नाहीत. मग मोबाईलवर कुठं तरी दिसलं की गिटारीवर तीन कॉर्ड आल्या की गाण्याला साथ करता येते. म्हणून गिटार.

"पण मी थांबलो की ही थांबते, मंगलाबाई. सूर तुटला की शब्द उलट पावली आत जातो. अन् मी थांबल्याशिवाय राहूच शकत नाही. न तपासता पुढं कसं जायचं? आजवर कधी गेलो नाही."

मी लोणच्याची वाटी हातात धरून तशीच उभी. काका पुढे म्हणाले, काकूंकडे न बघता, "एवढी वर्षं मी घरी आलो की ही बोलायची अन् मी पेपर वाचता वाचता 'हुं' म्हणायचो. तेवढंच माझं काम होतं. आता घरात 'हुं' म्हणायले जागाच नाही राहिली."

राठोडांना हे कळलं ते पुढच्या रविवारी, चहाला आले तेव्हा. चहा काकांनी केला होता. राठोडांनी एक घोट घेतला, कपाकडे बघितलं, मग खुर्चीतल्या काकूंकडे बघितलं, आणि बसमध्ये आपण काय बोलून गेलो ते त्यांना आठवलं असावं. कप खाली ठेवून ते काकूंच्या पायाशी वाकले. "राम राम, याडी," म्हणाले. तांड्यावर आईला याडी म्हणतात. मग तो कडूजहर चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि काकांकडे वळले.

"वाजवा, साहेब."

काकांनी वाजवलं. "कचेरीला"पाशी थांबले. तपासलं.

"साहेब, तुमची गाडी दर थांब्यावर डेपोत जाऊन राह्यली."

"बोटं नीट बसायला नको?"

"हे पाहा. उजवा हात म्हणजे ड्रायव्हर. डावा हात म्हणजे पॅसेंजर. ड्रायव्हर पॅसेंजरसाठी थांबत नाही. ज्याले चढाचं त्यानं चालत्या गाडीत चढाचं."

"हे नियमात बसत नाही. अन् एखादा पॅसेंजर राहिला तर? जबाबदारी कोणाची?"

"राह्यला त राह्यला! मागच्या गाडीनं येईन तो."

"म्हणजे चुकीचा सूर तसाच जाऊ द्यायचा? शुद्धिपत्रक न काढता?"

"अजी, चुकीचा सूर मागून येणाऱ्या बरोबर सुरात मिसळून जाते. कोणाले पत्ताच लागत नाही." राठोडांनी काकूंकडे बोट केलं. "याडी गाडीत बसली हाय, साहेब. तुम्ही बंद केली का ते खाली उतरते. मंग चढवता का पुन्हा? कायबी होऊ द्या. पूल पडला, झाड पडलं, मीच खाली पडलो, तरी उजवा हात थांबवाचा नाही. सोडा त्या पॅसेंजरचं टेन्शन."

काकांनी आधी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. बस. एवढंच केलं. पण मी सांगते, कोणी राजानं मुकुट काढून ठेवताना एवढं अवघड तोंड केलं नसेल.

त्यानंतरचे दिवस भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हांलाच माहीत. आधी निदान बरोबर वाजवून थांबत होते; आता न थांबता चुकीचं वाजवू लागले. काय काय सूर यायचे! माझं दही विरजेना. पण थांबणं हळूहळू कमी झालं. "तपासले" निघायचं, पण ते आता चालू गाडीतूनच. भाद्रपदातली पौर्णिमा झाली, भुलाबाई गल्लीत घरोघर फिरू लागली. कधी छत्री घरातून निघायची, कधी आभाळापर्यंत पोचायची आणि तिथं अडायची. गाण्याच्या बाहेर मात्र अजून बाप्पाच.

भुलाबाईचा शेवटचा दिवस म्हणजे कोजागिरी. वर्षानुवर्षं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका-पोरी काकूंच्याच ओसरीवर जमायच्या. मागच्या वर्षी काकू दवाखान्यात होत्या, म्हणून काही झालं नाही. यंदा कोणी विषय काढला नव्हता. काकाच माझ्या दारात आले.

"शेवटचा दिवस आमच्याकडे."

मी म्हटलं, "काका, काकूंना चालेल का? त्या तर बाहेर कोणासमोर येतच नाहीत."

"तिला विचारलं. बाप्पा म्हणाली."

"कोणतं बाप्पा?"

काकांनी थोडा विचार केला. "होकाराचं असावं. तपासलं नाही."

हे ऐकून मी थक्क झाले. माणूस खरोखरच चालू गाडीत चढला होता.

कोजागिरीच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही जमलो. चंद्र नुकताच समोरच्या कौलांवर आला होता. ओसरीच्या एका टोकाला शेगडी मांडून मोठ्या पातेल्यात दूध आटवायला ठेवलं होतं. केशर, वेलदोडे, चारोळी, सगळं घालून. भुलाबाई मांडली होती. आम्ही तिच्याभोवती. काकूंना काकांनी धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. इस्तरीचं लुगडं, उजवा हात पदराखाली. काकू कोणाकडे बघत नव्हत्या. जमिनीकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, काकांनी हे उगाच केलं. घरात अडखळणं वेगळं आणि ज्यांच्यासमोर आयुष्यभर धबधब्यासारखं बोललं त्यांच्यासमोर अडखळणं वेगळं. आज जर गाणं तुटलं, तर ही बाई पुन्हा घराबाहेर यायची नाही.

राठोड ड्यूटीवरून थेट आले होते. खाकी कपड्यांतच ओसरीच्या पायरीवर बसले.

काका स्टुलावर बसले. आवक. आवक-जावक. जावक-आवक-जावक. हात चालू झाला. काकूंनी मान वर केली नाही. एक फेरी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला जमिनीकडे बघतच आवाज आला:

"साहेब निघाले कचेरीला…"

कॉर्ड बदलायची वेळ आली आणि काकांचं एक बोट साफ भलत्याच तारेवर पडलं. असा सूर निघाला की गिरजाबाईंनी कानावर हात नेला. काकांचा चेहरा तपासणी पथक आल्यासारखा पांढरा. पण उजवा हात थांबला नाही. थांबला नाही! त्या भयंकर सुरावरूनच काकू पुढं गेल्या:

"…छत्री राहिली घरी!"

पोरींनी टाळ्यांनी ताल धरला. काकूंची मान वर आली. आभाळ धावत आलं, पाऊस डोक्यावर आला. बायकांनी हळूच साथ धरली, आवाज खाली ठेवून, काकूंचा वर राहील असा. साहेबांनी पावसाकडे अर्ज मागितला. काकांचा हात चालूच. पुन्हा पहिल्यापासून. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते, सगळ्याच बघत होतो, कोणाच्या डोळ्याला पाणी, कोणाच्या नाकाला. राठोड पायरीवर बसून स्वतःच्या गुडघ्यावर ठेका देत होते.

आणि काकू मधेच थांबल्या.

गाणं सुटलं. ओठ उघडे. डोळे आमच्या डोक्यांवरून पलीकडे कुठं तरी लागलेले. आमचे आवाज एकेक करून गळले. काकूंचा डावा हात वर आला आणि हवेतच राहिला. "बाप्पा," त्या म्हणाल्या. "बाप्पा… बाप्पा!"

 गिरजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. पण काका! काकांनी बिचाऱ्यांनी मान खाली घातली, डोळे गच्च मिटले आणि गुरूची आज्ञा शिरोधार्य मानून दुप्पट जोरात वाजवायला लागले. पूल पडला तरी गाडी थांबवायची नव्हती.

काकू खुर्चीत पुढं झुकल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते गाणं नव्हतं. त्याला सूर नव्हता, ठेका नव्हता. होती ती जुनी, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाणारी फेक.

त्यानंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. काकांच्या हातातली पट्टी खाली पडली आणि त्यांच्या तोंडून फक्त "हुं" निघालं. राठोड पायरीवरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गिरजाबाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि शेगडीकडे आमच्यापैकी एकही बाई धावली नाही, त्यामुळे यंदाची कोजागिरी आम्ही कोऱ्या चहावर साजरी केली. काकू नेमकं काय बोलल्या याच्या आता गावात नाना तऱ्हा ऐकू येतात. पण मी हातभर अंतरावर होते, तेव्हा अस्सल बोल माझ्याकडून घ्या:

"अजी थांबा ना! दूध उतू जाऊन राह्यलं!"